वाड्याला शोभेल असं किचन, आणि टेम्पोतून गेलेलं सागवान

जुन्या माळवदी, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात नवं स्वयंपाकघर करायचं चाललं असेल, तर कोटेशनच्या शेवटच्या ओळी आधी वाचा. औसा तालुक्यातल्या आमच्या वाड्यात आलेल्या इंटिरियरवाल्याचा डोळा किचनच्या कामावर नव्हताच. तो होता सागवानावर.

गडी बोलायला गोड. टॅबवर चित्रं दाखवली: कोरीव दारं, पितळी कड्या, कडप्प्याचा काळा ओटा. आईला आवडलं, आणि होतंच तसं. भावही इतरांपेक्षा बराच खाली. तळाशी एक ओळ होती, ‘जुने लाकूड काढून नेणे, मजुरी माफ’. सगळी गोम तिथं होती.

वडिलांना फडताळापाशी नेऊन त्यानं चौकटीच्या वरच्या फटीत स्क्रूड्रायव्हर खुपसला. भुरभुर पांढरी भुकटी पडली. ‘काका, वाळवीनं पार खाल्लंय. माळ्याच्या तुळया पण गेल्यात. किल्लारी आठवतंय ना?’ 30 सप्टेंबर 1993 ची भूकंपाची पहाट ज्यानं औशाकडं काढलीय, त्याच्यापुढं हे नाव घेतलं की पुढं बोलणंच खुंटतं. वडील एवढंच म्हणाले, ‘काढा मग.’

ती भुकटी वाळवीची नव्हतीच. माळवदात तुळयांवर फळ्या, फळ्यांवर पाला आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर असतो. ती माती बारा महिने फटीफटीतून झरते, माळवदात राहणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. वाळवी असली तर लाकडावर मातीच्या नळ्या चढलेल्या दिसतात आणि टोचलं की आत पोकळ लागतं. पिठासारखा भुसा आणि बारीक गोल भोकं असली तर तो भुंगा. जुन्या सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. गावातल्या म्हाताऱ्या सुतारानं उरलेली एक तुळई ठोकून बघितली आणि हे सगळं उभ्या उभ्या सांगितलं. तोवर टेम्पो गेला होता.

बिलात हे लाकूड सरपणाच्या भावानं, किलोवर वजा केलेलं. सागवान विकलं जातं घनफुटावर. 6 इंच बाय 8 इंचाची 12 फुटी तुळई म्हणजे 4 घनफूट. अशा चार गेल्या, म्हणजे 16 घनफूट. फडताळाची कोरीव दारं आणि माजघराची चौकट यात धरलेलीच नाही. जुन्या सागाचा आजचा भाव वखारीत विचारा, म्हणजे किचन एवढं स्वस्त का होतं ते कळेल.

किचनचं काय झालं? बिलावर पाण्याला टिकणारं मरीन प्लाय, प्रत्यक्षात पार्टिकल बोर्ड. पहिल्याच पावसाळ्यात सिंकखालचा कप्पा फुगून दार लागेना. जरा बाजूला खरवडलं तर आत लाकडाचा चुरा. आमच्या भिंती दगडमातीच्या, पावसाळ्यात ओल धरणाऱ्या. त्यांना हवा लागते. यानं कपाटं भिंतीला चिकटवून ठोकली, भिंत ओळंब्यात नाही म्हणून राहिलेल्या फटी सिलिकॉननं बुजवल्या. मातीत स्क्रू तरी किती दिवस धरणार? वरचं एक कपाट डब्यांसकट खाली आलं.

मरीन प्लायवर आयएसआय खुणेसोबत आयएस 710 हा क्रमांक आणि सीएम/एल नं सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकला की कंपनीचं नाव दिसतं. हे लॅमिनेट चढवायच्या आधी बघायचं, नंतर काही दिसत नाही.

आता सुतारानंच सागाच्या पायांवर उभी, भिंतीपासून चार बोटं सुटी कपाटं करून दिलीत. भिंतीतल्या देवळ्या, म्हणजे कोनाडे, मसाल्याच्या बरण्यांना ठेवल्या. वाड्याला असंच काम मानवतं, आणि फार खर्चही आला नाही.

मध्यंतरी भाचीला ऑनलाइन जाहिरातीत आमच्या फडताळाचं दार दिसलं, ‘अँटिक’ म्हणून. डाव्या फळीवर आजीनं तव्याच्या काठानं पाडलेली खाच तशीच. फोटो वेळेसकट जपून ठेवला.

1915 वर ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथं भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, पण घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. आम्ही कोटेशन, बिल, फुगलेल्या बोर्डाचे फोटो आणि सुताराचं लेखी म्हणणं जोडलंय. इंटिरियरवाल्याची बाजू अजून आलेली नाही. फोन मात्र दुसऱ्या नंबरवरून येतो, ‘काका, आपसात मिटवू’ म्हणून.