विकतचं पिल्लू की सोडवून आणलेला कुत्रा?
पिल्लू विकत घ्यायचं तर आधी त्याची आई दाखवायला सांगा. विकणारा टाळाटाळ करू लागला की तिथूनच परत फिरा. 8 आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेलं पिल्लू पुढे भित्रं, चावरं निघण्याची शक्यता वाढते. शिवाय पार्वो या जीवघेण्या विषाणूची लागण झाली असली तरी पहिले काही दिवस ते ठणठणीत दिसतं. चांगले ब्रीडर, म्हणजे कुत्र्यांची पैदास करून पिल्लं विकणारे, असतात, पण ते घाई करत नाहीत. उलट तुम्हालाच चार प्रश्न विचारतात.

रस्त्यावरून किंवा हालातून सोडवून आणलेल्या मोठ्या कुत्र्याचा आकार, स्वभाव बराचसा समोर दिसतो. मागचं मात्र कळत नाही. अशीच आणलेली आमची कुत्री काळी अजूनही झाडू उचलला की पलंगाखाली शिरते. आणि मी आंघोळीला गेले की दाराच्या फटीला नाक लावून बसते.