'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' : आठ महिने ऐकल्यानंतर

द क्युअर या इंग्लिश रॉक बँडचा हा अल्बम १ नोव्हेंबर २०२४ ला आला. आपल्याकडे त्या दिवशी लक्ष्मीपूजन. बाहेर लवंगी माळा तडतडतायत, स्वयंपाकघरात अनारशांची गडबड, आणि मी स्पीकरवर 'अलोन' लावून बसलेलो. मिनिट झालं, दोन झाली, तीन झाली, तरी गायक काही गाईना. शेवटी गायला तर पहिल्याच ओळीत म्हणतो की आपण गातो त्या प्रत्येक गाण्याचा हा शेवट आहे. आई आतून म्हणाली, "सणासुदीचं हे काय रडगाणं लावलंयस रे?" बंद केलं. खरं सांगायचं तर मलाही कंटाळाच आला होता.

वाट मात्र फार पाहिली होती. याआधीचा अल्बम २००८ चा. २०१९ पासून बँडचा गायक रॉबर्ट स्मिथ 'येतोय, येतोय' म्हणत होता. २०२२ च्या ऑक्टोबरात दौरा सुरू झाला तेव्हा नवी गाणी स्टेजवर वाजायला लागली, लोकांनी मोबाइलवर टिपली, मीही ती फाटक्या आवाजात ऐकली. तरी अल्बमला आणखी दोन वर्षं. सोळा वर्षांनी हाती काय आलं, तर आठ गाणी, एकोणपन्नास मिनिटं.

माझं आणि अल्बमचं जमलं ते लोकलमुळे. ठाण्याहून सीएसएमटीला मी नेहमी फास्ट पकडतो. एकदा फास्ट चुकली, स्लोमध्ये बसायला जागा मिळाली, आणि अख्खा अल्बम एका दमात ऐकून झाला. त्यानंतर आठवड्यातून दोनदा तरी मुद्दाम स्लोच पकडत आलोय. आता स्टेशनं पाठ आहेत. मुलुंड यायच्या आत 'अलोन'मधला आवाज सुरू होतो. शेवटचं 'एंडसाँग' करी रोडच्या आसपास लागतं आणि स्मिथ तोंड उघडतो तोवर भायखळा आलेलं असतं. दहा मिनिटांच्या गाण्यात सहा मिनिटं नुसती वाद्यं!

या लांबलचक सुरुवातींना आमच्या ग्रुपमधला एकजण 'आलाप' म्हणतो. मला पटत नाही. आलापात राग उलगडत जातो, पुढची जागा काय येईल याची उत्सुकता असते. इथे काहीच उलगडत नाही. कीबोर्डवर तेच आवर्तन फिरत राहतं, त्यावर गिटारचा थर, सायमन गॅलपच्या बासचा थर, खाली जेसन कूपरचे जड ड्रम्स. जवळचं काही असेल तर तो लेहरा, म्हणजे तालाबरोबर फिरत राहणारी तीच ती धून. तबला सोलोला पेटीवर लेहरा धरतात तेव्हा आपण पेटी ऐकत नसतो, पण ती थांबली तर सगळंच कोसळेल. इथेही तसंच. तीन-चार मिनिटं तेच तेच ऐकल्यावर कान शांत होतो आणि मग आवाज येतो तो थेट आत जातो. पहिल्या दिवशी जो दोष वाटला होता, त्यासाठीच आता मी हा अल्बम लावतो.

आणि तो आवाज! पासष्टाव्या वर्षी हा माणूस १९८९ च्या 'डिसइंटिग्रेशन' अल्बममध्ये गायचा तसाच गातो. आवाजात सुरकुती नाही, शब्द मात्र म्हाताऱ्याचे. सगळी गाणी त्याने एकट्याने लिहिलीयत, १९८५ नंतर प्रथमच. 'आय कॅन नेव्हर से गुडबाय' त्याच्या थोरल्या भावाच्या, रिचर्डच्या जाण्यावर आहे. सुरुवातीला ढगांचा गडगडाट, मग पियानोवर चार-पाच सूर, पुन्हा पुन्हा. मध्येच 'मॅकबेथ'मधल्या चेटकिणीची ओळ येते. आत्याचे यजमान गेले त्या महिन्यात हे गाणं मी टाळत होतो. सायनला पुढचं गाणं दाबायचो. जूनमध्ये कधीतरी दाबायचं राहून गेलं आणि माटुंग्यापर्यंत ऐकलं. त्यावर जास्त लिहीत नाही.

'एंडसाँग'ची गोष्ट वेगळी. २०१९ मध्ये माणूस चंद्रावर उतरल्याला पन्नास वर्षं झाली, तेव्हा स्मिथ बागेत उभा राहून आकाशाकडे बघत होता आणि त्याला १९६९ सालचा, वडिलांसोबत चंद्र बघणारा दहा वर्षांचा पोरगा आठवला. एवढंच. पण हे कळल्यावर त्या सहा मिनिटांच्या ढोलबडवीत मला चक्क अंगण दिसायला लागलं.

आता तक्रारी. मिक्सिंग फार गच्च आहे. स्वस्तातल्या इअरबड्सवर 'वॉरसाँग' म्हणजे नुसता गलका, सुरुवातीचा तो पेटीच्या भात्यासारखा घरघरता सूरही त्यात बुडतो. बऱ्यापैकी हेडफोन घ्याच. 'ऑल आय एव्हर अ‍ॅम' वाईट नाही, पण दोन भारी गाण्यांमध्ये चेपलं जातं. २०२५ च्या जूनमध्ये या गाण्यांचे चोवीस रीमिक्स आले. एकदा ऐकले, पुरे. आणि तुम्हाला द क्युअर म्हणजे फक्त 'फ्रायडे आय'म इन लव्ह' माहीत असेल तर इथे तसलं काही शोधू नका. त्यातल्या त्यात गुणगुणता येण्यासारखं एकच, 'अ फ्रॅजाइल थिंग'. नवख्याने तिथून आत शिरावं, आणि शफल बंद ठेवावं.

राहता राहिलं 'ड्रोन:नोड्रोन'. रीव्ह्ज गॅब्रेल्सची गिटार त्यात नुसती किंचाळते. कुर्ल्याची गर्दी नेमकी त्याच वेळी डब्यात घुसते, खांद्याला बॅगा लागतात, कुणीतरी पायावर पाय देतं. घरी ऐकताना हे गाणं मी अजूनही पुढे ढकलतो. गाडीत मात्र नाही.