बेळगाव–मिरज तिमाही पास: ९० दिवसांनंतर (आणि कोल्हापूरचे ते ३६ किलोमीटर)

रेल्वेचा पास परवा संपला. नवा काढायचा की नाही यावर घरात दोन दिवस चर्चा चालू आहे. चर्चा म्हणजे मी बोलतोय आणि सौ. पावटा सोलतेय. "तुमी काय रोज कामाला जाऊल्यासा, पास काढायला?" एवढंच एक वाक्य तिनं टाकलं, आणि त्याला माझ्याकडं उत्तर नाही. उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून मी सुटलो त्याला आता तीन वर्षं होऊन गेली.

पास मी काढला फिरायला. पोरवयात मीटर गेजच्या, म्हणजे अरुंद रुळांच्या गाडीतून मिरजेला गेलो होतो, तेव्हा मधल्या स्टेशनांची नावं पाठ होती. उतरलो मात्र एकाही ठिकाणी नाही. पाच्छापूर, चिंचली, उगार, शेडबाळ ही नावं चाळीस वर्षं खिडकीतून मागं पळताना बघितली. म्हटलं, आता वेळ आहे, उतरू.

आपल्याकडं वाट्टेल तिथं फिरा असा रेल्वेचा पास सामान्य माणसाला मिळत नाही. परदेशी पाहुण्यांना आणि परदेशस्थ भारतीयांना इंडरेल पास मिळायचा, डॉलरमध्ये, तोही २०१७ ला बंद झाला. महाराष्ट्राच्या एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' आहे, चार दिवसांचा आणि सात दिवसांचा, पण तो बसचा. रेल्वेत आपल्या हाती राहतो तो नोकरदारांचा सीझन पास. दोन स्टेशनं ठरवायची आणि मधल्या पट्ट्यात कितीही वेळा जा-ये करायची. मासिक पासाचं भाडं साधारण पंधरा एकेरी तिकिटांएवढं बसतं. म्हणजे आठ वेळा जाऊन आलात की पैसे फिटले, पुढचं सगळं फुकट. तिमाही पास मासिकाच्या २.७ पट, म्हणजे तीन महिन्यांत जवळपास नऊ दिवस रेल्वेकडून भेट. हा हिशेब सुचला त्या रात्री मला झोप आली नाही.

आता दोष. पासाला १५० किलोमीटरची मर्यादा आहे. बेळगाव ते मिरज १३८. मिरज ते कोल्हापूर आणखी ४८. बेरीज १८६. म्हणजे कोल्हापूर फक्त ३६ किलोमीटरनं हुकतं! मी हा आकडा डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. दिल्लीत बसून कुणी १५० ठरवलं त्याला बेळगावचा माणूस कोल्हापूरला जातो हे माहीत नसणार. अंबाबाई आहे, रंकाळा आहे, आमच्या निम्म्या सोयऱ्यांची घरं आहेत. मिरजेला उतरून जिना चढायचा, बाहेर येऊन रांगेत उभं राहून वेगळं तिकीट काढायचं, परत आत. ९० दिवसांत चार वेळा केलं आणि चारही वेळा डोकं फिरलं.

पहिले पंधरा दिवस मी वेड्यासारखा मिरजेपर्यंतच जात होतो. पैसे वसूल करायचे या एकाच ध्यासानं. सकाळी जनरल डब्यात खिडकी धरायची, मिरजेत उतरून चहा, तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीतून एक चक्कर, परत. मिरजेत एकेकाळी ब्रॉड, मीटर आणि नॅरो अशी तिन्ही गेजं, म्हणजे रुळांची तिन्ही मापं, एकत्र येत. पंढरपूरकडं जाणारी छोटी गाडी बार्शी लाइट या जुन्या रेल्वे कंपनीची. आता सगळं एका मापाचं. सहाव्या फेरीला लक्षात आलं की आपण पास वापरत नाहीये, पास आपल्याला वापरतोय. त्या दिवशी परतताना उगारला उतरलो.

इथून पुढं पासाबद्दलचं माझं मत बदललं.

तिकीट काढून उगारला कुणी उगाच उतरेल काय? पासवाला उतरतो, कारण पुढच्या गाडीचे पैसे द्यायचे नसतात. साखर कारखान्याचं गळीत चालू होतं. फलाटापर्यंत मळीचा वास, उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. चहावाल्यानं आधी कन्नडमध्ये विचारलं, मग माझ्या तोंडाकडं बघून मराठीत. फलकावर कन्नड, हिंदी, इंग्रजी. मराठी चहाच्या टपरीत. उगार ते कुडची मध्ये कृष्णेचा पूल आहे. तो मी ९० दिवसांत इतक्या वेळा ओलांडला की डिसेंबरचं पाणी आणि मार्चचं पाणी यातला फरक दगड मोजून सांगू शकतो.

चिंचलीला माघातल्या मायाक्का देवीच्या यात्रेत गेलो. सांगली-कोल्हापूरकडून माणसं नुसती लोटलेली, गाडीत पाय ठेवायला जागा नाही, भंडाऱ्यानं डबा पिवळा. त्या दिवशी पासाचा काही उपयोग झाला असं म्हणणार नाही, कारण टीसी आत शिरूच शकला नसता. शेडबाळला उतरलो तेव्हा जैन आचार्य विद्यानंद मुनींचं गाव म्हणून बस्ती, म्हणजे जैन मंदिर, बघून आलो. ते १९२५ साली इथंच जन्मले. पाच्छापूरला काहीच नाही, फलाट आणि बाभळी, पण दोन तास इतके छान गेले की परत जाईन.

स्टेशनाच्या नावात 'रोड' असेल तर सावध राहा. चिकोडी रोडला उतरून मी चिकोडी विचारली, तर एक म्हातारा हसतच सुटला. "चिकोडी? हितनं? बस बघा की ओ!" गाव लांब असलं की स्टेशनाला रोड लावायची जुनी पद्धत आहे. गोकाक रोडचंही तेच, ते स्टेशन कोण्णूरच्या बाजूला. तिथून गोकाकचा धबधबा मात्र गाठता येतो. ५२ मीटर उंच, आणि १८८७ पासून तिथं पाण्यावर वीज करतात. उन्हाळ्याकडं धबधबा म्हणजे ओली भिंत. मी फेब्रुवारीत गेलो, चूक माझी. गोकाकची मिठाई, करदंट, घेऊन आलो म्हणून घरी प्रवेश मिळाला.

दुसरीही चूक माझीच, आणि ती महाग पडली. साध्या पासावर सुपरफास्ट चालत नाही, अधिभार वेगळा भरावा लागतो. हे मला माहीत होतं. घटप्रभेला सुपरफास्ट उभी, मागची साधी गाडी दीड तास उशिरा. म्हटलं बेळगावपर्यंत कोण बघतंय. टीसीनं बघितलं. सेकंड क्लासचा सुपरफास्ट अधिभार १५ रुपये, दंड २५०. मी १५ वाचवायला गेलो आणि ते २५० माझ्या वसुलीच्या हिशेबात कुठं बसवायचे हे अजून ठरलेलं नाही. सध्या 'किरकोळ' मध्ये आहेत. वंदे भारतचा तर प्रश्नच नाही, ती आरक्षणाची गाडी. ती सुळकन निघून जाते आणि आपण सुळेभावीला बाजूच्या रुळावर थांबून तिला वाट देतो.

कागदी पास की मोबाइलवरचा, असं बरेच जण विचारतात. मी दोन्ही वापरले. मोबाइलवर काढायला सोपं, रांग नाही. पण आमचा फोन म्हातारा आहे, दुपारी चारला मान टाकतो, आणि फोन बंद म्हणजे तुम्ही विनातिकीट. कागदी पास हरवला तर दुसरी प्रत मिळत नाही. सौ.नं एकदा सदऱ्यासकट बादलीत घातला होता, साबण लागायच्या आत ओरडलो म्हणून वाचला. तेव्हापासून तो आणि ओळखपत्र बँकेच्या पासबुकाच्या प्लास्टिकमध्ये, सदऱ्याच्या आतल्या खिशात.

आता मागं जाऊन एक कबुली. मिरजेचा हा माझा पहिला पास नव्हे. त्याआधी जुलैत कुळेपर्यंतचा मासिक काढला होता, आणि तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की पास काढायचा तर घाटाचाच. देसूर, खानापूर, गुंजी, लोंढा, तिनईघाट, कॅसलरॉक, मग ब्रागांझा घाट उतरून गोव्यात कुळे. शंभरएक किलोमीटर, मर्यादेत आरामात. सदतिसाला एक असा उतार, गाडी मुंगीच्या पावलानं, वर येणाऱ्या गाडीला मागून जादा इंजिनं लावलेली, त्यांचा आवाज बोगद्यात छातीत बसतो. दूधसागर ३१० मीटर, आणि डब्यातली सगळी गर्दी एका बाजूला. उतरायचं नाही, रुळावरून चालत जायचं तर अजिबात नाही. २०२३ च्या पावसाळ्यात गेलेल्यांना परत पाठवलं होतं ते आठवत असेल.

तरीही तो पास पैशाच्या दृष्टीनं पडला. पहिल्या आठवड्यात तीनदा गेलो. मग घाटात दरड आली, गाड्या रद्द, कुठल्या वळवल्या, आणि पासाचे दिवस मात्र घरात बसूनही उलटतच होते. ते वाढवून मिळत नाहीत. शिवाय घाटातल्या मधल्या स्टेशनांत उतरून करणार काय? एकच देखणी वाट पुन्हा पुन्हा. मिरजेच्या बाजूला देखणं काहीच नाही, ऊस, जोंधळा, सपाट माळ, पण उतरायला वीस जागा. म्हणून माझं मत उलटलं. घाट तिकिटानं बघावा, माळ पासानं.

सर्क्युलर तिकिटाबद्दलही लिहितो, कारण नवीन मार्ग बघायचे असतील तर खरी किंमत-वसूल वस्तू ती आहे आणि ती कुणी वापरत नाही. निघायचं तिथंच परत यायचं, मध्ये जास्तीत जास्त आठ ठिकाणी थांबता येतं. एकूण अंतराचे दोन सारखे भाग करून दोन एकेरी तिकिटांचं भाडं लावतात, आणि लांबच्या तिकिटाला किलोमीटरमागं दर उतरतो, म्हणून तुकड्या-तुकड्यानं काढण्यापेक्षा स्वस्त. दिवाळीआधी मी बेळगाव–हुबळी–गदग–बदामी–विजापूर–सोलापूर–कुर्डुवाडी–पंढरपूर–मिरज–बेळगाव असं नऊशेएक किलोमीटरचं वर्तुळ केलं.

मिळवायला मात्र चपला झिजल्या. स्टेशनाचं नाव सांगत नाही. खिडकीवरचा म्हणाला असं तिकीटच नसतं. दुसऱ्या खिडकीवरचा म्हणाला असतं, पण आम्ही देत नाही. तिसऱ्या दिवशी एक वयस्क बाई बसल्या होत्या, त्यांनी माझा मार्ग लिहिलेला कागद घेतला, चष्मा वर केला, "बदामीला का उतरूल्यासा?" विचारलं. लेणी बघायला म्हटलं. कागद मंजुरीला गेला आणि आठवड्यानं काम झालं. पुढं प्रत्येक टप्प्याचं आरक्षण वेगळं करावं लागतं, ते विसरू नका. ज्येष्ठांची ४० टक्के सवलत मार्च २०२० ला बंद झाली आणि मी साठीत पोचलो त्यानंतर, हाही राग इथंच नोंदवतो.

त्या वर्तुळाच्या पोटात बागलकोट–कुडची हा १४२ किलोमीटरचा रस्ता अजून पुरा व्हायचाय. झाला की बागलकोटहून सरळ आमच्या कृष्णेच्या पुलाजवळ. धारवाडलाही अजून लोंढ्याचा वळसा घालून जावं लागतं, कित्तूरवरून ७३ किलोमीटरची सरळ वाट कागदावर आहे. ती झाली तर माझं वर्तुळ लहान होईल आणि तिकीटही. मला दोन्ही चालेल.

हे सगळं काल रात्री सौ.ला वाचून दाखवलं. कोल्हापूरच्या ३६ किलोमीटरपाशी तिनं थांबवलं. म्हणाली, "अवो, कोल्हापूरला रेल्वेनं जातंय कोण? मी निपाणीपर्यंत कर्नाटकाच्या बसनं बायकांच्या शक्ती योजनेत फुकट जातो, पुढं महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट. सकाळी जाऊन अंबाबाई करून दुपारला घरात."

रस्त्यानं कोल्हापूर एकशे दहा किलोमीटरच्या आसपास आहे. रेल्वेनं मिरजेवरून १८६. डायरीत हा रस्त्याचा आकडा मी कधी लिहिला नव्हता.

तरी उद्या सकाळी खिडकीवर जाणार आहे. तिमाही, मिरजेपर्यंतच, यंदा सुपरफास्टच्या अधिभारासकट. रायबागला अजून उतरलेलो नाही.