टॉप्स स्टेडियम क्लब १९९१: रात्रीच्या मॅचचे फोटो आवडत असतील तर हाच सेट घ्या

सरळच सांगतो, बेसबॉल कार्डं (खेळाडूंचे फोटो छापलेली, जमवायची कार्डं) गोळा करायची असतील आणि त्यातही लाइटखालच्या, रात्रीच्या मॅचचे फोटो असलेली हवी असतील तर टॉप्स या अमेरिकन कार्ड कंपनीचा १९९१ चा स्टेडियम क्लब सेट आधी घ्या, बाकीचं नंतर बघा. मी इंदुरात राहून हा शौक करतो. इथे बेसबॉल बघणारे मोजकेच, पण फ्लडलाइटखालची मॅच म्हणजे काय हे इंदूरकराला समजावून सांगावं लागत नाही, डिसेंबर २०१७ मध्ये रोहितने होळकर स्टेडियमवर ३५ बॉलमध्ये सेंच्युरी ठोकली ती रात्र इथे कोण विसरलंय. ते हिरवंगार मैदान, वर काळं आभाळ, खेळाडूंचे कपडे नुसते चमकतायत, हे जे दिसतं ना ते मला कार्डावर हवं असतं.

आणि ते सहज मिळत नाही. आपल्याकडे आयपीएलची क्रिकेट अटॅक्स कार्डं आली होती, ती पण टॉप्सचीच, माझ्या भाच्याकडे गठ्ठा आहे त्यांचा. खेळायला छान आहेत. पण त्यात खेळाडू फोटोतून कापून काढून रंगीत डिझाइनवर ठेवलेला असतो, म्हणजे बहुतेक सगळी लीग रात्री खेळली जाते आणि कार्डावर रात्रच नाही!

बेसबॉलमध्येही बरीच वर्षं हेच चाललं होतं. मेजर लीगची, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या बेसबॉल लीगची, पहिली रात्रीची मॅच सिनसिनाटीत क्रॉस्ली फील्डवर २४ मे १९३५ ला झाली, प्रेसिडेंट रूझवेल्टनी व्हाइट हाउसमधून बटण दाबलं, इकडे लाइट लागले आणि सिनसिनाटीच्या रेड्स टीमने फिलाडेल्फियाच्या फिलीजना २-१ हरवलं. १९४८ पर्यंत तर शिकागोचं रिगली फील्ड सोडून सगळ्या मैदानांवर लाइट आले होते. म्हणजे लोक कामावरून सुटून रात्री मॅचला जायला लागले, पण कार्डं बघाल तर सगळीकडे लख्ख ऊन. टॉप्सचा १९५२ चा जो प्रसिद्ध ४०७ कार्डांचा सेट आहे त्यात ब्लॅक अँड व्हाइट फोटोंवर रंग चढवलेले आहेत. पुढे खरे कलर फोटो आले तरी कलर फिल्म इतकी स्लो होती की रात्री पळणारा माणूस त्यात पकडणं अवघड, त्यामुळे सीझनच्या आधीच्या सरावात दिवसा बॅट खांद्यावर घेऊन उभं करायचं आणि फोटो काढायचा. चालू मॅचमधले कलर फोटो खेळाडूंच्या नेहमीच्या कार्डांवर टॉप्सने १९७१ मध्ये आणले, तेही थोडेच.

आता मुद्द्याचं, १९९१ चा स्टेडियम क्लब. ६०० कार्डं आहेत, ३००-३०० च्या दोन सिरीज. कागद जाड, वर चकचकीत थर, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बॉर्डर नाही, फोटो थेट कडेपर्यंत जातो. ऐकायला छोटी गोष्ट वाटते पण रात्रीच्या फोटोचा सगळा जीव त्यातच आहे. पांढरी बॉर्डर असली की काळं आभाळ चौकटीत अडकतं आणि नुसता डाग दिसतो. इथे काळोख कार्डाच्या टोकापर्यंत असतो आणि मधे पिचर (बॉल टाकणारा) एकटा उजेडात! स्टेडियमचे लाइट मैदानाकडे वळवलेले असतात, प्रेक्षकांवर उजेड कमी पडतो, त्यामुळे मागची सगळी गर्दी विरघळून जाते. दिवसाच्या फोटोत मागे जाहिरातींचे बोर्ड, रिकाम्या खुर्च्या, काय काय दिसत असतं. माझ्या मते बेसबॉलचा खेळाडू रात्रीच सगळ्यात चांगला दिसतो.

फोटोंवर बारीक दाणे दिसतात आणि काहींना थोडी हिरवट झाक आहे, फिल्मचा जमाना आणि तेव्हाचे मेटल हॅलाइड दिवे. मला ही झाक आवडते. नवीन डिजिटल फोटो स्वच्छ असतात पण त्यातली रात्र फार धुतलेली वाटते.

कार्डाच्या मागे त्या खेळाडूच्या टॉप्सच्या पहिल्या कार्डाचं छोटं चित्र आहे, ते मस्त आहे, पण फोटो कुठे आणि कधी काढला हे लिहिलेलं नाही, ते आपल्यालाच ओळखावं लागतं आणि यात जी मजा आहे ती मला पॅक फोडण्यापेक्षा जास्त वाटते. सावल्या बघायच्या. उन्हात एकच गडद सावली पडते, लाइटखाली पायापासून दोन-तीन-चार फिकट सावल्या वेगवेगळ्या दिशांना जातात. हेल्मेटवर बघायचं, दिव्यांच्या रांगा ठिपक्यांसारख्या उमटलेल्या असतात. पण जपून, तेव्हा ह्यूस्टन, सिएटल, मिनियापोलिस इथे छताखालची स्टेडियम होती, तिथे दुपारच्या मॅचलाही लाइट लावूनच खेळायचे, म्हणजे मागे अंधार दिसला म्हणून रात्र असेलच असं नाही. यजमान टीम पांढऱ्या कपड्यांत खेळते आणि पाहुणी राखाडी, म्हणून पांढऱ्या कपड्यातला ह्यूस्टनचा खेळाडू आणि पायाखाली नकली गवत दिसलं तर तो मी रात्रीच्या फाइलमध्ये टाकत नाही, वेगळा ठेवतो. सगळीच कार्डं मॅचमधली नाहीत हेही सांगून ठेवतो, नोलन रायन हा नावाजलेला पिचर तर चक्क टक्सिडो, म्हणजे पार्टीचा काळा सूट, घालून उभा आहे.

घेताना एक गोष्ट लक्षात ठेवा. इतकी वर्षं सीलबंद राहिलेल्या बॉक्समध्ये तो चकचकीत थर एकमेकांना चिकटतो, दमट जागी ठेवलेला बॉक्स असेल तर अख्ख्या पॅकची वीट होते. नखाने सोडवायला जाऊ नका, गठ्ठा हलकेच वाकवून कार्ड बाजूला सरकवत काढायचं, घाई केली की वरच्याचा थर खालच्यावर जातो. आणि काळी कड असलेल्या कार्डाला जरा घासलं की लगेच पांढरं दिसतं, म्हणजे आपल्याला हवी असलेली रात्रीचीच कार्डं सगळ्यात आधी खराब होतात. म्हणून माझा सल्ला, बॉक्सच्या मागे लागण्यापेक्षा सुटी कार्डं निवडून घ्या. मोठी नावं सोडली तर सुटं कार्ड एका डॉलरच्या आतच येतं, खर्च असतो तो पोस्टाचा. माझा मामेभाऊ अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला असतो, त्याच्या पत्त्यावर मागवून ठेवतो आणि तो आला की घेऊन येतो.

ठेवायचं म्हणाल तर कार्ड अडीच बाय साडेतीन इंच, पोकेमॉन कार्डाचाच साइज, त्यामुळे त्यासाठी मिळणारे नऊ खणांचे पाउच आणि बाइंडर इथेही ऑनलाइन सहज मिळतात. फक्त पॉलिप्रोपिलीन प्लास्टिकचे घ्या. फोटो अल्बमची वास येणारी मऊ पीव्हीसीची पानं नकोच, ती वर्षानुवर्षांनी चिकट होऊन कार्ड खातात. आणि जुलै ते सप्टेंबर बाइंडर उभा ठेवा, आडवा ठेवून वर पुस्तकं रचू नका. सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या तर उत्तमच.

नवीन काही हवं असेल तर स्टेडियम क्लब २०१४ पासून परत सुरू झालाय, फोटोंची निवड अजूनही चांगली असते. आणि २०१६ पासून टॉप्स नाऊ आहे, काल रात्री मॅचमध्ये जे घडलं त्याचं कार्ड दुसऱ्या दिवशी विक्रीला, ठरावीक मुदतीपुरतंच, जेवढ्या ऑर्डर येतील तेवढीच छापायची. न्यूयॉर्कची संध्याकाळी सातची मॅच उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेचारला लागते, मी उठून बघतो आणि त्याच मॅचचं कार्ड नंतर मागवता येतं हे मला फारच भारी वाटतं. पण एकेक कार्ड घ्यायचं म्हणजे महाग पडतं, म्हणून पहिली पसंती १९९१ चीच.

मी सध्या शोधतोय ती शिकागो कब्ज टीमची, घरच्या मैदानावरची म्हणजे रिगली फील्डवरची, रात्रीची कार्डं. रिगली फील्डवर लाइट आले ऑगस्ट १९८८ मध्ये, ८ तारखेची पहिली मॅच पावसाने धुतली आणि ९ ला न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध पहिली पूर्ण झाली, पुढची बरीच वर्षं सीझनला १८ च रात्रीच्या मॅचेसची परवानगी होती. त्यामुळे पांढऱ्यावर निळ्या बारीक रेघा असलेला ड्रेस, मागे वेलींची भिंत आणि पायाशी चार फिकट सावल्या, असं कार्ड त्या काळातलं कोणाकडे असेल तर मला हवंय. बदल्यात माझ्याकडे याच सेटमधली चांगल्या कडांची बरीच डुप्लिकेट आहेत, इंदूर-उज्जैन-देवासचं कोणी असेल तर प्रत्यक्ष भेटूनच अदलाबदल करू, पोस्टात कडा खराब होतात.