कॅडिमा, रोझेस आणि फरदड: आढावा आखण्याची दोन फुकट साधनं

पर्यावरणविषयक संशोधनाचा पद्धतशीर आढावा, म्हणजे सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास ठरलेल्या पद्धतीने शोधून, निवडून एकत्र तपासणं), करायचा तर दोन साधनं पैसे न मोजता मिळतात. एक कॅडिमा, ब्राउझरमध्ये चालणारं सॉफ्टवेअर. दुसरं रोझेस, म्हणजे आढाव्यात काय काय लिहिलं पाहिजे याचा तक्ता. दोन्हींवर कौतुकाचं बरंच लिहिलं गेलंय. इथे कसोटी एकच लावली आहे: निष्कर्षांची झळ किंवा लाभ ज्यांना पोचणार, त्या लोकांना आखणीच्या वेळीच सामील करून घ्यायला यांचा किती उपयोग होतो?

(‘स्टेकहोल्डर’साठी सरकारी कागदांत ‘भागधारक’ लिहितात. गावातल्या बैठकीच्या निमंत्रणात हा शब्द घातला तर लोकांना शेअर बाजार आठवतो, नाहीतर साखर कारखाना. ‘संबंधित लोक’ पुरे.)

कॅडिमा जर्मनीच्या यूलिउस क्यून संस्थेने विकसित केलं. त्याची मुळं युरोपीय संघाच्या २०१२ ते २०१५ मधल्या ‘ग्रेस’ प्रकल्पात आहेत. विषय होता जनुकीय बदल केलेल्या पिकांचे परिणाम, म्हणजे भांडणाचाच. म्हणून तिथे बाहेरच्यांचं म्हणणं दोनदा मागवलं गेलं: आधी प्रश्न आणि आराखडा ठरताना, नंतर निष्कर्षांचा मसुदा हाती आल्यावर. आपल्याकडे या साधनांची परीक्षा घ्यायची तर विदर्भ-मराठवाड्यातल्या बीटी कापसासारखा दुसरा योग्य विषय नाही.

समजा, संशोधकांनी प्रश्न आणला: ‘बीटी कापसाचा मित्रकीटकांवर काय परिणाम होतो?’ कॅडिमा हा प्रश्न चार भागांत मांडायला लावतं: कशावर, काय केलं, कशाच्या तुलनेत आणि काय मोजलं. मांडणी सुबक होते. पण शेतकऱ्याचा प्रश्न निराळा असतो: ‘बीटी असूनही गुलाबी बोंडअळी परत का आली, आणि फरदड (मुख्य वेचणी झाल्यावरही शेतात पुढे ठेवलेलं कापसाचं पीक) काढून टाकली तर अळी खरंच कमी होते का?’ हाही त्याच चार भागांत चपखल बसतो. कापसाची शेतं, डिसेंबरअखेर पीक काढून टाकणं, फेब्रुवारी-मार्चपर्यंत फरदड ठेवण्याच्या तुलनेत, पुढच्या हंगामात हिरव्या बोंडांतला प्रादुर्भाव. सॉफ्टवेअरला दोन्ही प्रश्न सारखेच. कोणता घ्यायचा हे ते सांगणार नाही, सांगूही नये.

शोधशब्दांत तर लोकांची गरज जास्तच. ‘फरदड’ हा शब्द ठाऊक नसलेला माणूस इंग्रजी डेटाबेसमध्ये ‘रॅटून’ किंवा ‘लांबवलेला हंगाम’ यांची इंग्रजी रूपं टाकणारच नाही, आणि नेमके कामाचे निबंध निसटतील. अकोला आणि परभणी कृषी विद्यापीठांचे प्रबंध कृषिकोशावर (कृषी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात) शोधायला हवेत, हे तिथले प्राध्यापक पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. बैठकीतून प्रत्येकाकडून ‘हा निबंध सापडलाच पाहिजे’ अशी दोन-तीन नावं घ्या. अशी १०-१५ नावं जमली की शोधसूत्र तपासायला चाचणीसंच तयार. त्यातलं एखादं नाव सापडत नसेल तर दोष सूत्रात आहे, निबंधात नाही.

निबंध निवडण्याच्या टप्प्यावर कॅडिमा खरंच उत्तम. आरआयएस फाइल (डेटाबेसमधून उतरवलेली निबंधांची यादी) आत घ्या, दुहेरी नोंदी वगळल्या जातात, दोघांनी स्वतंत्रपणे निवडलेलं किती जुळतं ते ‘कप्पा’ (kappa) या आकड्यात दिसतं; १ म्हणजे पूर्ण जुळणी. ०.६ च्या खाली आला तर निकषांचे शब्द संदिग्ध आहेत असं समजा. पण हजार निबंध चाळून झाल्यावर कुणी म्हणालं, ‘फवारणीचा खर्च मोजलेले अभ्यास का वगळले?’ आणि ते पटलं, तर निकष बदलून सगळी चाळणी पहिल्यापासून करावी लागते. लोकांना आधी बोलवायचं ते यासाठी. नंतरची बैठक शिष्टाचाराची उरते.

कॅडिमाची मोठी अडचण म्हणजे सगळा कारभार इंग्रजीत आणि नोंदणी करून. कापूस वेचणाऱ्या बाईला, जिनिंगवाल्याला किंवा कृषी सेवा केंद्राच्या मालकाला त्यात बोलावण्यात अर्थ नाही. त्यांच्याशी बोलणं बाहेर, मराठीत, कागदावर.

आता रोझेस. हा तक्ता २०१८ मध्ये आला. आढावा आणि मॅप (एखाद्या विषयावर कुठे, कोणते अभ्यास झालेत याची पद्धतशीर मांडणी) यांचे तक्ते वेगळे, आणि दोन्हींत आराखड्याचा व अंतिम अहवालाचाही वेगवेगळा. संबंधित लोकांची भूमिका काय होती हे विचारणारी एक बाब त्यात आहे. एकच! ती असणं मोठं काम आहे, कारण ती रिकामी सोडली तर परीक्षकाला दिसते. पण ‘संबंधितांशी चर्चा केली’ एवढं लिहून टिकमार्क करणाऱ्यांना ती अडवत नाही.

म्हणून सोबत एक साधी नोंदवही ठेवाच. स्प्रेडशीटमध्ये पाच रकाने पुरतात: सूचना कोणत्या गटाची, नेमके शब्द, स्वीकारली की नाही, कारण, आराखड्यात कुठे बदल झाला. नाकारलेल्या सूचनांची कारणं जास्त काळजीने लिहा. भांडण तिथेच होतं. बियाणे कंपनीचा माणूस असेल तर हितसंबंध लेखी घ्या. प्रश्न सुचवू द्या, पण निबंधांच्या निवडीत हात नको.

बैठका एकेका गटाच्या, १२-१५ जणांच्या, दोन तासांच्या. मजूर बायांची वेगळी, नाहीतर बोलतात फक्त बागायतदार. जूनच्या पेरणीत आणि दिवाळीनंतरच्या वेचणीत बोलावू नका, मार्च-एप्रिल बरा. बुडालेली मजुरी आणि एसटीचं भाडं अंदाजपत्रकात आधीच धरा. हा खर्च विसरला की बैठकीला तेच येतात ज्यांना यायला परवडतं.

गुण द्यायचे तर कॅडिमाला निवडीसाठी पाचपैकी साडेचार, लोकांना सामील करण्यासाठी दीड. रोझेसला तीन, कारण निदान विचारतं तरी. नोंदवही तुमची तुम्हालाच करायची आहे. आराखडा ‘प्रोसीड’ या खुल्या नोंदणीपटावर टाकण्याआधी त्याचा एक पानी मराठी सारांश बैठकीला आलेल्या प्रत्येकाला पाठवा आणि उत्तराला १५ दिवस द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवण्यापेक्षा फोटो पाठवलेला जास्त वाचला जातो.