सोलापूरची वारसा फेरी : किल्ल्यापासून मागापर्यंत

सोलापुरात जन्मूनही भुईकोट किल्ल्यात मी यापूर्वी दोनदाच गेलो होतो, आणि तेही शाळेच्या सहलीत. त्यामुळे शहरातल्या काही इतिहासप्रेमी तरुणांनी सुरू केलेल्या रविवारच्या पायी फेरीत पुण्याहून आलेल्या माझ्या आतेभावाला घेऊन गेलो, तेव्हा पाहुण्याला शहर दाखवावे एवढाच हेतू होता. प्रत्यक्षात सकाळी सात ते साडेदहा या वेळात पाहुण्यापेक्षा मलाच अधिक पाहायला मिळाले, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

फेरीची सुरुवात किल्ल्याच्या दारापासून होते. आमची गाईड इतिहासाची पदव्युत्तर विद्यार्थिनी होती. सोळा गावांचे मिळून सोलापूर झाले, ही आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेली व्युत्पत्ती तिने आदराने सांगितली आणि लगेच पुढे हेही स्पष्ट केले, की बाराव्या शतकात ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या, म्हणजेच सिद्धेश्वरांच्या काळी या गावाचे नाव सोन्नलगी होते आणि आजचे नाव त्या जुन्या नावाशी जोडून पाहणेच अधिक सयुक्तिक आहे. ऐकीव गोष्ट कोणती आणि पुराव्याची गोष्ट कोणती, हा भेद तिने अखेरपर्यंत पाळला. बहमनी काळातील दुहेरी तटबंदी, आतील मंदिराचे अवशेष, 1818 मध्ये इंग्रज सेनापती मन्रोच्या फौजेने घातलेला वेढा, हे सारे तिने भिंतीपाशी उभे राहून, दगडावर हात ठेवून समजावले.

किल्ल्याला लागूनच सिद्धेश्वर तलाव आहे. मकर संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेला आपण वर्षानुवर्षे जातो, भज्जी आणि कडक भाकरी खातो, दारूकाम पाहतो. पण भोगीच्या दिवशी ज्या सम्मती कट्ट्यासमोर सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, उभे राहतात आणि सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येच्या झालेल्या विवाहाच्या अक्षता पडतात, तो कट्टा एरवीच्या दिवशी निवांत पाहण्याचा योग किती जणांना येतो? रिकाम्या कट्ट्यापाशी उभे राहून बाराबंदी घातलेल्या मानकऱ्यांची आणि नंदीध्वज पेलण्याच्या सरावाची माहिती ऐकताना मला ती यात्रा प्रथमच नीट कळली असे वाटले.

फेरीतील माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग चार हुतात्म्यांच्या पुतळ्यापाशी होता. मे 1930 मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटले, 8 मे रोजी गोळीबार झाला, पुढे काही दिवस इंग्रजी अंमल शहरातून जणू उठून गेला आणि मग मार्शल लॉ पुकारण्यात आला. गांधी टोपी घालणेसुद्धा त्या दिवसांत गुन्हा ठरले. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. ही नावे आम्ही चौकाच्या आणि सभागृहाच्या पाट्यांवर रोज वाचतो. परंतु गाईडने एकेकाचे नाव सावकाश उच्चारले आणि हे चौघे चार समाजांतून आले होते याकडे लक्ष वेधले, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी आपोआप टोपी काढून हातात घेतली. हुतात्म्यांचा स्मृतिदिन आणि गड्ड्याची यात्रा एकाच आठवड्यात येतात, हेही माझ्या कधी ध्यानात आले नव्हते.

अप्पासाहेब वारदांनी बांधलेले इंद्रभुवन, म्हणजे आपल्या महापालिकेची इमारत, बाहेरूनच पाहिली. रविवार असल्याने ते समजण्यासारखे आहे. भैय्या चौकातील डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारक मात्र घाईत उरकले गेले, ही माझी पहिली तक्रार. 1938 मध्ये चीनला गेलेल्या आणि 1942 मध्ये तिथेच देह ठेवलेल्या या सोलापूरकराच्या घरात दहा मिनिटे फारच अपुरी आहेत. दुसरी तक्रार संख्येची. आम्ही बत्तीस जण होतो आणि चौकातल्या रहदारीत मागच्यांना अर्धे ऐकू येत नव्हते. आयोजकांनी वीसच्या वर नोंदणी घेऊ नये किंवा गाईडला लहान ध्वनिक्षेपक द्यावा. माणशी तीनशे रुपये मला जास्त वाटले नाहीत, कारण त्यात रिक्षाभाडे आणि शेवटचा नाश्ता धरलेला होता.

शेवटचा टप्पा रिक्षाने कन्ना चौकाकडे, पूर्व भागात होता. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी वसवलेल्या या वस्तीत एका घराच्या पुढच्या खोलीत चादरीचा माग चालू होता. वर जेकार्डचे भोके पाडलेले पुठ्ठे एकामागून एक सरकत होते आणि खाली त्याच भोकांच्या हिशेबाने मोर उमटत होता. मध्येच ताण्याचा एक धागा तुटला. मागवाल्या काकांनी माग थांबवला, बोटे ओली करून धाग्याची दोन टोके शोधली, गाठ मारली आणि आम्हाला काही कळायच्या आत माग पुन्हा धडधडू लागला. मग त्यांनी तयार चादर उलटी करून दाखवली. पुढे लाल जमिनीवर पांढरा मोर, तर मागे पांढऱ्या जमिनीवर लाल मोर. दोन पदर एकाच वेळी विणले जातात आणि नक्षीपाशी ते एकमेकांची जागा घेतात, म्हणून असे होते, हे त्यांनी मराठीत सांगितले, घरात तेलुगूत चहा टाकायला सांगितला आणि दारात आलेल्या माणसाशी कानडीत बोलले. माझ्या आतेभावाने तिथेच दोन चादरी घेतल्या. पुढची फेरी केवळ पूर्व भागाची काढावी, अशी विनंती मी आयोजकांना केली आहे, आणि ती निघाली तर मी आईला घेऊन जाणार आहे. तिच्या लहानपणी गिरणीच्या भोंग्यावर घरातले घड्याळ लावले जात असे.