बल्ब पेटला म्हणून पैसे दिले

सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं जॉबर, म्हणजे माग लावणारा-दुरुस्त करणारा, होतो. मागाच्या मोटरीला अर्थिंग नसलं तर कामगाराचं काय होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. हे आधी सांगतो, कारण पुढचं वाचून कुणी म्हणेल, 'म्हाताऱ्याला विजेतलं काही कळत नसेल.' कळत होतं. तरी फसलो.

रिटायर झाल्यावर करमाळ्याकडच्या भाच्यासोबत उजनीच्या बॅकवॉटरला बोट टाकली. थंडीत रोहित पक्षी बघायला पुण्याकडची माणसं येतात, दोन पैसे सुटतात. कोकणातून जुनी फायबरची बोट १,६०,००० ला आणली. बाहेरून बरी होती, आतली वायरिंग मात्र कुजलेली. टेप गुंडाळलेले जोड, हिरवी पडलेली तांब्याची टोकं, बॅटरीजवळ फ्यूजचा पत्ता नाही.

मिस्त्री एका ओळखीच्याने दिला. 'मालक, मालवणला पंचवीस बोटी केल्यात,' हे त्याचं पहिलं वाक्य. सगळी वायरिंग नवी, तीही मरीन वायरची. चार्जर आणि इन्व्हर्टरला अर्थ लीकेजचा स्विच, म्हणजे करंट गळला की सप्लाय तोडणारा. बोटीच्या बुडाला पितळी पट्टी, तिच्यावर अर्थिंग. एकूण ४६,००० रुपये. बिल कोऱ्या कागदावर, त्यावर नाव नाही की जीएसटी नंबर नाही. मी मागितलंही नाही. तीस हजार फोनवरून पाठवले आणि बाकीचे काम झाल्यावर रोख. रोख दिले ते सोळा हजार आता सिद्ध करता येत नाहीत, ते असो.

काम झाल्यावर त्याने वायरचं टोक सोलून दाखवलं. चांदीसारखं चकचकीत. 'बघा मालक, टिन केलेलं तांबं. गंजत नाही.' मग होल्डरमध्ये शंभरचा बल्ब घेतला, एक वायर थ्री-पिनच्या फेजला, दुसरी वरच्या जाड अर्थच्या भोकात. बल्ब फुल्ल पेटला. माझं समाधान तिथेच झालं. कारखान्यात आम्ही अर्थिंग असंच तपासायचो. बल्ब मंद पेटला तर खड्ड्यात मीठ-पाणी घाला, फुल्ल पेटला तर चला. मी उरलेले पैसे मोजले. वर तो म्हणाला, 'इथं गोडं पाणी आहे, समुद्रासारखा धोका नाही.' मला तेही पटलं.

दोन महिने काही झालं नाही. रोज संध्याकाळी काठावरच्या हॉटेलातून वायर ओढून बॅटऱ्या चार्जिंगला लावायच्या, सकाळी फेऱ्या.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी भाचा गुडघाभर पाण्यात उभा राहून बोट धूत होता. चार्जिंग चालू होतं. त्याने रेलिंगला हात लावला आणि तो हात सुटेना. ओरडताही येईना, नुसता घशातून घर्र आवाज. मी काठावर होतो. क्षणभर वाटलं पोरगं चेष्टा करतंय. हॉटेलातल्या पोराने बोर्डातली पिन उपटली तेव्हा भाचा पाण्यात बसला. छातीभर पाण्यात असता तर बुडाला असता, आणि अंगावर खूणही दिसली नसती. लोकांनी पोहता येत नव्हतं म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या जुन्या वायरमनला सोलापूरहून घेऊन गेलो. परवानावाला माणूस, मीटर घेऊनच येतो. त्याने ओल्या मातीत सळई ठोकली, मीटरचं एक टोक सळईला, दुसरं रेलिंगला. २१४ व्होल्ट. मग हॉटेलच्या बोर्डातली पिन काढून उलटी घातली. ३ व्होल्ट. पुन्हा फिरवली, पुन्हा २१४. माझ्याकडे बघून म्हणाला, 'जॉबर, खोका उघडा.'

बोटीतल्या सॉकेटमागे वीतभरसुद्धा नाही एवढा हिरव्या वायरचा तुकडा. एक टोक अर्थच्या पिनला, दुसरं न्यूट्रलला. एवढंच अर्थिंग! बल्ब पेटणारच होता, कारण तो अर्थवर पेटलाच नव्हता, न्यूट्रलवर पेटला होता. आणि हॉटेलची वायर दोन पिनांची, कशीही घाला, बसते. दोन महिने पिन सरळ बसत होती. त्या रविवारी उलटी बसली, न्यूट्रलचा फेज झाला आणि तो त्या हिरव्या तुकड्यातून रेलिंगवर आला. सॉकेटपासून रेलिंगपर्यंतचा जोड मात्र त्याने झकास केला होता, लग वगैरे दाबून. सगळ्या बोटीत तेवढाच एक जोड नीट होता.

पितळी पट्टी बुडाला होती खरी. तिच्याकडे जाणारी वायर फळीमागे सिलिकॉनमध्ये खुपसलेली, पट्टीला टेकलेलीच नाही. अर्थ लीकेजचा म्हणून पैसे घेतले तो साधा डबल पोल आयसोलेटर निघाला, नुसता चालू-बंदचा स्विच. दिसायला सारखाच. पण खऱ्या आरसीसीबीवर, म्हणजे अर्थ लीकेजच्या स्विचवर, 'टी' लिहिलेलं टेस्टचं बटण असतं आणि ३० मिलीअँपिअर असं छापलेलं असतं. सप्लाय चालू असताना बटण दाबलं की खट्कन पडला पाहिजे. माझ्या डब्यावर बटणच नव्हतं, आणि दोन महिने मी रोज तो डबा बघत होतो.

आता ती चकचकीत वायर. वायरमनने ब्लेडने एक तार खरवडली. टिन केलेलं तांबं असतं तर वरचा चांदीसारखा कथलाचा मुलामा जाऊन आत लाल दिसलं असतं. आमची आतपर्यंत पांढरी. अॅल्युमिनियम. चार-पाच वेळा मागे-पुढे वाकवली, तुटली. बोट सतत हादरते, दमट हवा असते, तिथे ही तार जोडाशी सैल होते, तापते. बारा व्होल्टचा शॉक लागत नाही हे खरं, पण बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर ओतते आणि फायबर पेटायला तेवढं पुरतं. फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात हवा. याने तो पार पुढच्या पॅनेलमध्ये बसवला होता, म्हणजे मधल्या दहा फूट वायरला फ्यूजचं संरक्षणच नाही.

गोड्या पाण्याचं तर त्याने नेमकं उलटं सांगितलं. खारं पाणी माणसाच्या अंगापेक्षा जास्त वीज वाहतं, म्हणून करंट बराचसा आजूबाजूने निघून जातो. गोड्या पाण्यात अंगातल्या खारटपणामुळे माणूसच जवळची वाट ठरतो. दहा-पंधरा मिलीअँपिअरला मूठ उघडत नाही. २०२४ च्या मे महिन्यात उजनीतच कुगाव-कळाशी बोट वादळात उलटून सहा जण गेले, तेव्हापासून लाइफ जॅकेटबद्दल प्रत्येक जण विचारतो. वायरिंगबद्दल मला आजवर एकाही गिऱ्हाइकाने विचारलेलं नाही.

मिस्त्रीला फोन केला. आधी 'तुमच्या हॉटेलवाल्याची चूक' म्हणाला, नंतर नंबर बंद. त्याच्याकडे वायरमनचा परवाना आहे का, हे मी कामाआधी विचारायला हवं होतं. वकिलाने पहिला प्रश्न टाकला, बोट धंद्याची की पोटाची? धंद्यासाठी घेतलेली सेवा ग्राहक आयोगात चालत नाही, स्वतःच्या उपजीविकेसाठी असेल तर चालते. आमचं दोघांचं पोट त्यावरच आहे, तेव्हा तक्रार घातली आहे. पाच लाखांच्या आतल्या व्यवहाराला फी नाही आणि दोन वर्षांच्या आत घालावी लागते. पुरावा म्हणून फोनवरून दिलेल्या पैशांची नोंद आणि खोका उघडताना वायरमनने काढलेले फोटो. हिरवा तुकडा एका पिशवीत घालून कपाटात ठेवलाय.

बोटीवर २३० व्होल्ट आता ठेवलेच नाहीत. इन्व्हर्टर काढला, गाणी बंद. बॅटऱ्या सोडवून काठावर नेतो आणि तिथल्या खोलीत चार्ज करतो. त्या खोलीला खड्डा खणून खरं अर्थिंग केलंय, आरसीसीबी आहे. वायरमनने मेनचं न्यूट्रल सोडवून, आरसीसीबीच्या आधी, फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून दाखवला, तरी पेटला. एकेक बॅटरी पन्नास किलोच्या वर भरते. बांबूला अडकवून दोघं उचलतो. भाचा रोज एकदा म्हणतो, 'मामा, आज मिस्त्रीला बोलवा की उचलायला.'